‘एक सही टाका की, गुरुजी’: भिडेपोटी राहिलेल्या जामिनाचं प्रकरण

या प्रकरणातले गुरुजी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी पंचवीस वर्षांच्या आसपास. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूची पुडीसुद्धा नाही. पगार वेळेवर, राहणी साधी, बायको अंगणवाडी सेविका. अशा घरात कर्जापायी जप्तीची नोटीस येईल असं गावात कुणालाही वाटलं नसतं. ती आली, आणि ती गुरुजींच्या एकाही वाईट सवयीमुळे आली नाही. गावाने ज्या सवयीचं कौतुक केलं, तिच्यामुळे आली.

ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि रकमा बदलल्या आहेत. एकाच वळणाची दोन-तीन प्रकरणं इथे एका माणसाच्या नावावर मांडली आहेत, कारण ती आतून एकच आहेत.

फुटलं कुठून

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर थोरल्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जात मुलगी कर्जदार आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणून बँकेच्या शाखेने वडिलांचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, काढला. त्यात एक ट्रॅक्टरचं कर्ज थकीत दिसलं. गुरुजींकडे ट्रॅक्टर नाही. वडिलोपार्जित दीड एकर आहे, तेही वाट्याने दिलेलं. कर्ज चुलतभावाचं होतं, गुरुजी जामीनदार होते. शाखाधिकाऱ्याने अहवाल फिरवून समोर धरला आणि हे आधी नियमित करा, मग बघू, असं सांगितलं. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसलेली होती.

त्याच सुमारास पगारपत्रकात एक नवी कपात आली. ती शिक्षकांच्या पतसंस्थेची होती, पण गुरुजींच्या स्वतःच्या कर्जाची नव्हती. २०१८ मध्ये शेजारच्या शाळेवरच्या एका सहकाऱ्याने ८ लाखांचं कर्ज घेतलं होतं, त्याला गुरुजी आणि आणखी एक शिक्षक जामीन होते. सहकाऱ्याने बायकोच्या नावावर कोंबड्यांची शेड घातली. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो ही अफवा राज्यभर फिरली आणि ब्रॉयलरचे भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेले, तेव्हा शेडही बसली. ते भोक बुजवायला खासगी सावकार आले. सावकार शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायला लागले तसा तो बिनपगारी रजेवर गेला.

इथे पतसंस्थेच्या व्यवहारातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पगारदारांच्या पतसंस्थेची वसुली पगारावर उभी असते. सभासद संमतीपत्र देतो, त्याचं कार्यालय दर महिन्याला हप्ता परस्पर कापून संस्थेला देतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये याची तरतूद आहे. पगार चालू तोवर हप्ता चालू, म्हणून संस्था निश्चिंत. पगार थांबला की कर्जदाराकडून येणारा पैसा त्याच महिन्यात बंद होतो आणि संस्था फाइल उघडून जामीनदारांची नावं बघते.

दोनपैकी एक जामीनदार तोवर निवृत्त झाला होता. निवृत्तिवेतनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीपासून संरक्षण आहे. उरला एकच चालू पगार. तो गुरुजींचा.

सह्या कशा झाल्या

गुरुजींना विचारलं, सहकाऱ्याने जामिनासाठी गळ घातली तेव्हा नेमकं काय बोलणं झालं? त्यांना ते स्पष्ट आठवत होतं, कारण बोलणं फारसं झालंच नव्हतं. मधली सुट्टी होती. तो मोटारसायकलवरून आला, फाइल टाकीवर ठेवून म्हणाला, “एक सही टाका की, गुरुजी. तुमच्याशिवाय कुणाकडं जाणार? काय होतंय एवढ्यानं, हप्ता तर पगारातनंच जातोय.” गुरुजींनी खिशातलं पेन काढलं. रक्कम किती, मुदत किती, पैसे कशाला, यातलं काहीच विचारलं नाही. ८ लाख हा आकडा त्यांना वसुलीच्या पत्रात पहिल्यांदा कळला.

“विचारायला बरं वाटलं नाही,” ते म्हणाले. “त्याला वाटलं असतं, माझ्यावर विश्वास नाही.”

सगळं प्रकरण या उत्तरात आहे असं मला वाटतं. गावात या स्वभावाला भिडस्तपणा म्हणतात आणि तो सद्गुणांच्या यादीत घालतात. मदत करणारा माणूस प्रश्न विचारतो. किती हवेत, कशाला हवेत, फेडणार कसे, शेड घालतोयस तर पिल्लं-खाद्य कंपनी देणार की तू घेणार, भाव पडले तर काय. हे प्रश्न कुणीतरी २०१८ मध्ये विचारले असते तर त्या सहकाऱ्याचाही फायदा झाला असता. भिडेने सही करणारा प्रश्न विचारत नाही, कारण त्याला समोरच्याच्या अडचणीशी घेणं नसतं. समोरचा उभा असताना पोटात जे कालवतं ते लवकरात लवकर थांबवायचं असतं. पेन काढलं की ते थांबतं. मोटारसायकल निघून जाते, मधली सुट्टी संपते, आणि माणूस वर्गात जाऊन शिकवायला लागतो. त्या तीन मिनिटांच्या सुटकेची किंमत सहा वर्षांनी पगारपत्रकात दिसली.

हे गुरुजींना सांगणं कठोर होतं. आपण लोकांसाठी झिजलो आणि लोकांनी दगा दिला, ही त्यांची स्वतःबद्दलची गोष्ट होती आणि ती त्यांना जगायला बळ देत होती. पण तीच गोष्ट त्यांना पुढच्या सहीकडेही नेत होती. दगा देणारे लोक असतील तर आपल्यात बदलण्यासारखं काही उरत नाही.

चुलतभावाचं प्रकरण अधिक अवघड होतं. गुरुजींच्या डी.एड.ची फी या भावाच्या वडिलांनी, म्हणजे गुरुजींच्या चुलत्यांनी, बैल विकून भरली होती. हा उपकार खरा होता आणि तो विसरणारा माणूस मला आवडला नसता. पण चुलते जिवंत असेपर्यंत गुरुजींनी तो मोजून, ठरवून कधी फेडला नाही; त्यांच्या दवाखान्याला, म्हातारपणाला अमुक इतकं देतो असं म्हटलं नाही. त्यामुळे ऋण मोकळंच राहिलं, आणि मोकळं राहिलेलं ऋण पुढच्या पिढीने पाहिजे तितक्या रकमेला वटवलं. भाऊ ट्रॅक्टरचे कागद घेऊन आला तेव्हा एवढंच म्हणाला, “अण्णा असते तर मी तुझ्याकडं आलोच नसतो.” एवढं वाक्य पुरलं.

रोजचे लहान होकार

मोठ्या सह्या अचानक होत नाहीत, हे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गुरुजींसोबत बसून मी त्यांच्या साध्या महिन्याची उजळणी केली. दुसऱ्याच्या वाट्याची मतदार यादीची कामं, कारण त्याच्या घरी कार्य होतं. पोषण आहाराच्या नोंदी, कारण मुख्याध्यापकांना मोबाइलवर जमत नाहीत. शाळांच्या केंद्रातल्या निवृत्ती समारंभाची वर्गणी गोळा करणं, आणि ज्यांनी दिली नाही त्यांची स्वतःच्या खिशातून भरणं. भिशीत एकाचा हप्ता चुकला तर तो आपण घालणं. पेट्रोल भरलेली गाडी देणं आणि रिकामी परत घेणं. यातली एकही गोष्ट माणसाला बुडवत नाही. कुणाचं घर कार्यामुळे अडलं असेल तर त्याचं काम करावंच. पण यातल्या एकाही गोष्टीला गुरुजींनी विचार करून ‘हो’ म्हटलं नव्हतं. होकार तोंडातून आपोआप निघत होता आणि कितीही मोठ्या मागणीला तोच निघणार होता.

१९६६ मध्ये जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरमालकांना विचारलं, तुमच्या अंगणात ‘सांभाळून गाडी चालवा’ असा एक मोठा, बेढब फलक लावू का? थेट विचारलं तेव्हा शंभरात सतराहूनही कमी लोक तयार झाले. दुसऱ्या एका गटाला आधी फक्त खिडकीत सुरक्षित वाहनचालनाची छोटीशी पाटी लावायला सांगितलं होतं. दोनेक आठवड्यांनी त्यांच्याकडे मोठा फलक मागितला, तेव्हा शंभरात ७६ जणांनी होकार दिला. मधल्या काळात त्यांचा स्वतःविषयीचा समज बदलला होता: आपण अशा कामाला पुढे होणारी माणसं आहोत. गुरुजींच्या बाबतीत ही छोटी पाटी पंचवीस वर्षं दर आठवड्याला लावली जात होती. ‘गुरुजी नाही म्हणत नाहीत’ हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. जामीन हवा असणारा माणूस आधी कुणाकडे जाणार, हे त्यामुळे ठरलेलंच होतं. जो जामिनाला पात्र नाही त्याला प्रश्न विचारणारे, परतफेडीचं गणित मांडायला लावणारे लोक नको असतात. तो थेट असल्याच माणसाकडे येतो. म्हणजे भिडस्त माणसाच्या वाट्याला जी कर्जं येतात ती सरासरी कर्जापेक्षा वाईट असतात. चांगल्या कर्जदाराला जामीन कुठेही मिळतो.

आणखी एक गोष्ट. मागणाऱ्याला आपण किती दडपण आणतोय याचा अंदाज नसतो. मानसशास्त्रज्ञ व्हॅनेसा बोन्स यांनी यावर बरंच काम केलं आहे. एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी अनोळखी लोकांना ग्रंथालयाच्या म्हणून दाखवलेल्या पुस्तकात पेनाने एक शब्द लिहायला सांगितलं. हे चूक आहे असं बोलून दाखवणाऱ्यांसकट निम्म्याहून जास्त लोकांनी ते लिहिलं, आणि मागणाऱ्यांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा हे प्रमाण खूप मोठं होतं. सहकारी गुरुजींकडे आला तेव्हा त्याच्या मनात बहुधा एवढंच होतं: बघू, म्हणाले नाही तर दुसऱ्याला विचारू. गुरुजींना मात्र नाही म्हटलं तर नातं तुटेल असं वाटत होतं. दोघांच्या मनातल्या वजनात एवढा फरक असतो हे कळलं तरी नकार थोडा हलका होतो.

घरातले गुरुजी

गुरुजींच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, स्वतंत्रपणे भेटल्यावर चित्राची दुसरी बाजू दिसली. त्या म्हणाल्या, “बाहेर कुणाला नाही म्हणत नाहीत ना, ते सगळं ‘नाही’ घरात येतं.” मुलीने सहलीला जाऊ का विचारलं, नाही. बाईंनी माहेरी चार दिवस जाते म्हटलं, आत्ता नको. स्वयंपाकघराचा गळका पत्रा बदलायला तीन पावसाळे गेले. बाहेर गोड बोलून आलेला माणूस घरात ताटावर बसला की भाजीवरून चिडायचा. त्या चिडण्याचं कारण त्यालाही कळत नव्हतं.

माझ्या मते हा या स्वभावाचा सर्वांत महागडा हप्ता आहे आणि तो कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही. माणसाकडे वेळ, पैसा आणि शांतपणा यांचा साठा ठरावीक असतो. बाहेरच्या प्रत्येकाला तो न मोजता दिला की तुटवडा घरच्यांच्या वाट्याला येतो, कारण घरचे सोडून जाणार नाहीत याची खात्री असते. जे आपल्याला कधीच अडचणीत सोडणार नाहीत त्यांना शेवटचा नंबर, आणि ज्यांचं नाव दोन वर्षांनी फोनमधूनही पुसलं जाईल त्यांना पहिला.

सह्यांची गोष्ट बाईंना सांगितली नव्हती. “उगाच काळजी करत बसली असती,” असं गुरुजींचं म्हणणं. प्रत्यक्षात बाईंना सहकाऱ्याच्या कर्जाचं एका हळदीकुंकवात कळलं होतं, दुसऱ्या शिक्षकाच्या बायकोकडून. त्यांनी घरी विषय काढला नाही. नवरा स्वतःहून सांगेल म्हणून त्या दोन वर्षं थांबल्या. एकाच घरात दोन माणसं एकमेकांच्या भिडेने गप्प होती.

न फोडलेली पाकिटं

दुसरी सवय पहिलीच्या पोटातून आलेली. पतसंस्थेची पत्रं शाळेच्या पत्त्यावर यायची. पहिलं पत्र आलं तेव्हा गुरुजींनी सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “भरतोय, काळजी करू नका.” पुन्हा विचारणं अवघड वाटलं. मग पुढची पाकिटं टेबलाच्या खणात, जुन्या हजेरीपटांखाली गेली. त्यांतल्या एका पाकिटात सहायक निबंधकांच्या कार्यालयातली सुनावणीची नोटीस होती.

न फोडलेल्या पाकिटाचा नेमका खर्च असा. थकीत कर्जासाठी पतसंस्था दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं दावा चालवत नाही. सहकार अधिनियमाच्या कलम १०१ खाली ती निबंधकांकडे वसुली दाखला मागते. त्याच्या सुनावणीत कर्जदार आणि जामीनदार यांना आपलं म्हणणं मांडता येतं: भरणा किती झाला, व्याज कसं लावलं, कर्जदाराचे शेअर्स आणि ठेवी आधी वळत्या केल्या का. गुरुजी गेले नाहीत. दाखला त्यांच्या गैरहजेरीत निघाला. ‘१०१ चा दाखला’ म्हणून तालुक्यात ज्याला ओळखतात त्या कागदावर पुढे कलम १५६ आणि नियम १०७ खाली वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण, म्हणजे वरून फेरतपासणी, मागता येतं, पण त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. ज्या दिवशी फक्त एसटीचं तिकीट काढून तालुक्याला जायचं होतं, तो दिवस खणात गेला आणि त्याची जागा साडेतीन लाखांनी घेतली. थकबाकी तोवर व्याजासह ७ लाखांच्या घरात होती.

कायदा सही वाचतो

गुरुजींचा मोठा आग्रह होता की आधी कर्जदाराकडून वसूल करा, त्याच्याकडून नाहीच मिळालं तर माझ्याकडे या. बहुतेक जामीनदारांना असंच वाटतं आणि त्यात गैर काही नाही. न्यायाची साधी समज तशीच असते. कायदा तसा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच आणि त्याच्या बरोबरीने असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हे स्पष्ट केलं: धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवावेत, अशी सक्ती जामीनदार करू शकत नाही. धनको जामीन घेतो तोच वेळेवर हक्काचा दुसरा खिसा हवा म्हणून.

भिडेपोटी सही केली, हाही बचाव होत नाही. त्याच अधिनियमात संमती मुक्त नसण्याची कारणं दिली आहेत: बळजबरी, गैरवाजवी दबाव, फसवणूक, चुकीचं निवेदन, चूक. भीड त्यात नाही. गैरवाजवी दबावासाठी एकाची दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालेल असं नातं दाखवावं लागतं. मोटारसायकलच्या टाकीवर फाइल ठेवून केलेली विनवणी त्यात बसत नाही.

पण हाच कायदा जामीनदाराला काही हक्कही देतो, आणि गुरुजींना ते ठाऊक नव्हते. कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम तो कर्जदाराकडून मागू शकतो. कलम १४० प्रमाणे भरणा केल्यावर धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात. कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी, वेगळं ठरलं नसेल तर, भार समान उचलायचा असतो. दुसरे जामीनदार, म्हणजे निवृत्त गुरुजी, यांच्या निवृत्तिवेतनावर जप्ती येत नाही, पण त्याने त्यांचा निम्मा वाटा माफ होत नाही. हे वाचून दाखवल्यावर गुरुजी लगेच म्हणाले, “त्यांना कसं मागायचं? वयस्कर माणूस.” सवय इतक्या खोलवर होती.

बाहेर पडताना

पहिलं काम कागदाचं होतं. आजवर कुठेकुठे सही केली याची यादी करायला बसलो. गुरुजींना दोन आठवल्या, बाईंना तिसरी आठवली. तिसरं कर्ज सुदैवाने २०२१ मध्येच फिटलं होतं. पतसंस्थेला लेखी अर्ज दिला की माझ्या नावावर जामीनदार म्हणून असलेली सर्व कर्जं, त्यांची शिल्लक आणि थकबाकी कळवा. सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवला. इथे एक सावधगिरी सांगायला हवी: बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जं अहवालात दिसतात, पतसंस्थांची दिसतीलच असं नाही. अहवाल स्वच्छ म्हणून निर्धास्त राहू नये. सहीची खरी नोंद संस्थेच्या फाइलमध्येच असते.

दुसरं काम बोलण्याचं, आणि ते कागदापेक्षा जड गेलं. गुरुजींनी बाईंना सगळं एका बैठकीत सांगितलं. बाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, “अहो, आणखी आहे का? असेल तर आत्ताच सांगा.” मग त्यांनी वही घेतली. त्या दिवसापासून घराचा हिशेब त्यांच्याकडे गेला आणि माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त फरक त्यानेच पडला. शैक्षणिक कर्जाचा मार्गही त्यांच्यामुळेच निघाला. चुलतभावाला गुरुजींनी पहिल्यांदा समोर बसवून स्पष्ट सांगितलं की हप्ते थकल्यामुळे पुतणीचा प्रवेश अडला आहे. भावाला हे खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याने ऊस बिलातून थकलेले हप्ते भरले, खातं नियमित झालं, आणि अर्ज आई सहकर्जदार म्हणून पुन्हा दिला गेला. तो मंजूर झाला. इतक्या वर्षांत एकदाही न विचारलेला प्रश्न अर्ध्या तासात विचारून झाला होता.

तिसरं काम म्हणजे नकाराचा सराव. आधी ठरलं की कुठल्याही मागणीला जागेवर उत्तर द्यायचं नाही. “घरी विचारून उद्या सांगतो” म्हणायचं. हे दोन आठवडे चाललं आणि बाईंनी ते बंद पाडलं. बाजारात एका शिक्षकाने त्यांना टोमणा मारला होता, तुमच्या हुकमाशिवाय गुरुजी हलत नाहीत म्हणे. घरी येऊन त्या म्हणाल्या, “नकार तुमचा आणि वाईटपणा माझा? मला कशाला पुढं करता?” त्यांचं बरोबर होतं. बायकोच्या आडून दिलेला नकार ही भिडेचीच दुसरी खोड आहे. समोरच्याचं तोंड चुकवायचं आणि किंमत पुन्हा घरच्याने मोजायची. शिवाय त्या उत्तरात पुन्हा विचारायला जागा राहते. वाक्य बदललं: “मी आता कुणालाच जामीन राहत नाही.” यात कारण नाही, माफी नाही, आणि समोरच्यावर अविश्वासही नाही. कारण दिलं की समोरचा कारणाशी वाद घालतो, ते खोडून काढतो आणि तुम्ही पुन्हा पेन शोधता.

नकारासोबत एक सोयही ठरली, कारण गुरुजींचं मन नुसत्या नकाराने कोरडं पडलं असतं आणि ते मलाही नको होतं. खरोखर अडलेल्याला द्यायला वर्षाला एक छोटी रक्कम बाजूला ठेवायची, दिली की परत मागायची नाही, संपली की त्या वर्षापुरती संपली. पहिल्या वर्षी त्यातले पैसे शाळेतल्या एका मुलाच्या चष्म्याला आणि एका पालकाच्या दवाखान्याला गेले. दोन्ही वेळा गुरुजींनी प्रश्न विचारले होते.

लोक तुटतील ही भीती किती खरी निघाली? एक जण बोलायचा बंद झाला. दोघांनी पाठीमागे गुरुजी बदलले म्हटलं. बाकीच्यांनी दुसरीकडे विचारलं आणि दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. मतदार यादीचं काम ज्याचं त्याच्याकडे गेलं, आणि ते त्याने केलंही.

आज कुठे आहे

पतसंस्थेसोबत तडजोड झाली. संचालक मंडळाने दंडव्याज सोडलं, कपातीचा हप्ता कमी करून मुदत वाढवली. कर्जदाराचे संस्थेतले शेअर्स आणि ठेव कर्जात वळती करून घ्यावी असा लेखी अर्ज गुरुजींनी दिला, तो मान्य झाला. शेडची जमीन बायकोच्या नावावर असल्याने तिला हात लागला नाही. कर्जदार नोकरीवर परत आला, पण त्याच्या पगारावर आधीच इतक्या कपाती आहेत की हातात फारसं उरत नाही. गुरुजींनी भरलेली रक्कम परत करण्याचं त्याने लेखी कबूल करून दिलं आहे. त्यातून किती येईल याबद्दल गुरुजींनी फार आशा धरू नये असं मी त्यांना सांगितलं आहे, मात्र प्रत्येक कपातीचा पुरावा जपून ठेवायचा आणि वसुलीची मुदत टळू द्यायची नाही.

निवृत्त गुरुजींकडे जायला तीन महिने लागले. शेवटी दोघं पती-पत्नी मिळून गेले, कलम १४६ ची प्रत सोबत होती, ती पिशवीतून काढायची वेळ आली नाही. म्हाताऱ्या गुरुजींनाही आपली सही अर्धवटच आठवत होती. अर्धा वाटा झेपणार नाही, पण महिन्याला काही रक्कम देतो म्हणाले, आणि देतात. सही मागायला आलेल्या सहकाऱ्याने त्यांना गुरुजींचं नाव सांगितलं होतं, आणि गुरुजींना त्यांचं: “ते राहिलेत जामीन, म्हणजे तुम्हाला काय धोका?” दोघांनी एकमेकांच्या भरवशावर सही केली होती आणि एकमेकांना फोन केला नव्हता.

कपात आणखी चार वर्षं चालेल. चुलतभावाच्या ट्रॅक्टरचे हप्ते त्याहून थोडे आधी संपतील. ते कर्ज नियमित आहे की नाही, हे बाई दर तीन महिन्यांनी भावजयीला फोन करून विचारतात.